ठकीची सुट्टी

११ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलंय म्हणून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. घरी आलेलं पाकीट आधी आईच्या हातात पडतं आणि फोन तर तिच्या खुर्चीला खेटूनच ठेवलाय. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते तिच्या कानावर पडून चालणार नाही.

मी बायकांच्या रक्तक्षयावर संशोधन करते असं घरी सांगितलंय ना, ती थाप होती. आमच्या संस्थेचा अभ्यास आपल्या त्या रीतीवर आहे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिला नवा फ्रॉक घालून कुणाकडे तरी नेतात आणि तिच्या गुप्तांगाचा भाग कापून टाकतात, ती रीत. बघ, एवढं एक वाक्य लिहायला मी कागदांवर कागद फाडले, आणि म्हणे मी संशोधक!

बायकांना याबद्दल काय माहीत आहे आणि मनातून काय वाटतं, एवढंच विचारायचंय. पण मी दारोदार गेले की कोणी तोंडच उघडत नाही. परवा एका घरी सासूबाई सुनेच्या शेजारी येऊन बसल्या आणि सुनेची सगळी उत्तरं त्यांनीच देऊन टाकली. सून बिचारी माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. तुझ्या चष्म्याच्या दुकानात मात्र आपल्या सगळ्या जणी येतात, आणि तुझ्यापाशी त्या बोलतात. सोबत प्रश्नांच्या कागदांचा गठ्ठा आहे. विश्वासातल्या बायकांना दे. नाव कुणीच लिहायचं नाही. भरलेला कागद त्यांनीच पाकिटात घालून चिकटवायचा.

आणि वहिनी, तुझी ठकी या महिन्यात सात वर्षांची होतेय. तिचा काही विषय निघालाय का घरात? दादाला विचारून उपयोग नाही, म्हणून तुला विचारतेय. जे असेल ते खरं लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी


२४ मार्च

प्रिय वन्सं,

काय गं, रक्तक्षय! ‘आमच्या धाकटीचा त्यावर अभ्यास आहे’ म्हणून सासूबाई मला दोन वर्षं ताटभर पालेभाजी खायला लावतायत, आणि मी गपगुमान गिळतेय. भेट तू, मग बघते तुझ्याकडे.

आता तुझं काम कसं केलं ते ऐक आणि माझी पाठ थोपट. पहिले चार दिवस कागद गल्ल्याखालीच पडून होते. एखादीला बाजूला घेऊन ‘हे वाचा’ म्हणायचं तरी कसं? जीभच रेटेना. मग एक युक्ती सुचली. चाळिशीचा चष्मा करायला आलेल्या बाईला आम्ही जवळचं वाचायचा तक्ता देतो, माहीत आहे ना? गुळगुळीत पुठ्ठा, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. त्या पुठ्ठ्यावर मी तुझा प्रश्नांचा कागदच चिमट्याने लावला. बाई खुर्चीत बसली की डोळ्यांवर चाचणीची चौकट चढवायची, भिंगं घालायची आणि म्हणायचं, ‘वाचा ताई, मनातल्या मनात वाचा, दिसतंय का तेवढं सांगा.’

वन्सं, काय सांगू! पहिली ओळ वाचली की बाईचे ओठ हलायचे थांबतात. एकीने चौकट काढली, डोळे पुसले, परत चढवली. ‘दिसतंय का?’ मी विचारलं. ‘दिसतंय,’ म्हणाली, ‘पण हे असं छापलेलं असतं हे मला माहीत नव्हतं.’ दुसरी एक तर खदखदून हसायलाच लागली आणि हसता हसता रडली. मग मी पडद्यामागे भिंगं घासायच्या खोलीत नेऊन कागद आणि पेन हातात देते. तिथे मशीनची घरघर असते, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. नको म्हणणाऱ्याही निघाल्या, पण चुगली कोणी केली नाही. आमचे मालक भिंगकाका काउंटरवर असतात, त्यांना वाटतं हल्ली बायकांची नजर तपासायला फार वेळ लागतो.

पाकिटं सोबत आहेत. माझंही त्यातच आहे, कुठलं ते ओळखत बसू नकोस.

ठकीचं म्हणशील तर घरात तसा काही विषय नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘पोरगी वाढली हो,’ एवढंच. तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि दिवसभर आरशासमोर शिट्टी वाजवायचा सराव चाललाय. तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.

पालेभाजीने टुणटुणीत झालेली,
तुझी वहिनी


३ एप्रिल

प्रिय वहिनी,

पाठ थोपटते आणि कानही धरते. अगं, माणसाला आधी विचारून, हो म्हणाली तरच कागद द्यायचा असतो! डोळे तपासायला आलेल्या बाईच्या तोंडासमोर तो धरायचा नसतो. आमच्या बाईंना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्यांना, मी तुझी युक्ती सांगितली. आधी त्यांनी डोक्याला हात लावला, मग हसल्या आणि मग म्हणाल्या, ‘हे ताबडतोब बंद करायला सांग. चुकीच्या हातात पडलं तर त्या बिचारीचं काय होईल?’ या पाकिटांतली उत्तरं आम्ही अभ्यासात धरणार नाही, पण वाचल्यावाचून राहवलं नाही. तो पुठ्ठा आजच्या आज मोकळा कर. खरंच सांगतेय.

पण वहिनी, उत्तरं काय आहेत गं! ‘ही रीत चालू राहावी का?’ याला जवळजवळ सगळ्यांनी ‘बंद व्हावी’ लिहिलंय. आणि पुढचा प्रश्न आहे, ‘तुमच्या ओळखीच्या इतर बायकांना काय वाटतं?’ तिथे त्याच बायकांनी लिहिलंय, ‘बाकी सगळ्यांना हवी आहे.’ कळतंय का तुला? एकाच गल्लीतल्या, एकाच नळावरच्या बायका, आणि प्रत्येकीला वाटतंय की नको म्हणणारी आपण एकटीच. मी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला.

मला वाटतं, आता फार दिवस नाहीत. या बायकांना एकमेकींच्या मनातलं कळायचा अवकाश, हे आपोआप गळून पडेल. ठकीचं काही नाही म्हणालीस, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तिला माझ्याकडून एक शिट्टी.

उत्साहाने फुगलेली,
धाकटी


१२ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. जे व्हायचं ते मंगळवारीच होऊन गेलं होतं. मी घाबरले किंवा रागावले की ‘तुम्ही’वर जाते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज दोन्ही आहे.

मंगळवारी दुपारी मी आत भिंग घासत होते. मशीन चालू असलं की बाहेरचं काही कळत नाही. सासूबाई न सांगता दुकानात आल्या, वाचायचा चष्मा जुना झालाय म्हणून. भिंगकाकांना आपली सरबराई करायची हौस. ‘या, या, आपल्या घरच्याच!’ म्हणून त्यांनी स्वतःच खुर्चीत बसवलं, भिंगं घातली आणि टेबलावरचा पुठ्ठा उचलून हातात दिला. ‘मोठ्याने वाचा, लाजू नका.’

मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा सासूबाई पहिला प्रश्न मोठ्याने वाचत होत्या. अर्ध्यावर आवाज थांबला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती भिंतीवरच्या फ्रेमा बघायला लागली. सासूबाईंनी मात्र पुठ्ठा खाली ठेवला नाही. एकेक ओळ करत अगदी तळापर्यंत वाचलं. तळाशी संस्थेचं नाव आणि त्याखाली तुमचं. मग भिंगकाकांना म्हणाल्या, ‘नंबर बरोबर आहे. सगळं स्वच्छ दिसतंय.’ माझ्याकडे बघितलंही नाही.

घरी आल्यावर वाटलं आता कडाडतील. छे! जेवताना मला आग्रहाने वाढलं. त्या गोड वागण्यापेक्षा कडाडल्या असत्या तर बरं. बुधवारी त्यांनी तुमच्या मावशींना फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, तेवढंच कानावर आलं, ‘आता कायदा येणार म्हणतात, कागद फिरतायत. लोक दारात येऊन विचारायच्या आत उरकून घेऊ.’ काल सांगितलं की ठकीला शाळेला सुट्टी लागली, तिला पुढच्या शनिवारी आठ दिवस मावशींकडे नेते. चुलत घरातल्या आणखी तिघी मुली येणार आहेत, खेळायला सोबत होईल. मीही येते म्हटलं तर म्हणाल्या, ‘दुकान कोण बघणार?’

ठकीला नवा फ्रॉक आणलाय. पिवळा, कमरेला मोठी फीत. ती तो घालून घरभर गिरक्या घेतेय.

आता मी तुम्हाला लिहिणार होते की काळजी करू नका, सुट्टीच तर आहे. लिहिलंही होतं, तो कागद फाडला. धाकटे, मी मूर्ख नाही. माझ्याही वेळी फ्रॉक आणला होता. मला सगळं कळतंय, पण सासूबाई समोर आल्या की तोंडातून शब्द फुटत नाही. आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी टाकून बोललेलं नाही, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसल्या, त्याने जास्तच पंचाईत होते. त्यांना खरंच वाटतं की हे नाही केलं तर ठकीला चांगल्या घरात कोणी करून घेणार नाही. यांना सांगायला गेले तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘तुमचं बायकांचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका.’

तू म्हणालीस आपोआप गळून पडेल. आपोआप काही होत नाही गं. लवकर काहीतरी कर.

वहिनी


१७ एप्रिल

दादा,

काल फोनवर मी ‘ठकी’ एवढं म्हणाले आणि तू म्हणालास, ‘ते आईचं डिपार्टमेंट आहे,’ आणि ठेवून दिलास. वहिनीला दुकानात फोन केला तर ती नुसती रडली. म्हणून हे पत्र कुरियरने तुझ्या कामावर पाठवतेय. मी आज गाडीने निघतेय, पण काही केलं तरी शनिवारी संध्याकाळच्या आत पोचत नाही. म्हणून तुला लिहावं लागतंय. भावाला लिहायची ही गोष्ट नाही. मला लाज वाटतेय, तुलाही वाटेल. वाटू दे.

आई ठकीला सुट्टीसाठी नेत नाहीये. मावशीच्या घरी एक बाई येईल आणि ठकीच्या लघवीच्या जागेचा भाग ब्लेडने कापेल. तुला वाटत असेल नुसतं टोचतात, काहीतरी शकुनाचं असतं. आमच्या बाईंनी पुरुषांनाही विचारलंय, निम्म्याहून जास्त जणांना असंच वाटतं. तसं नसतं. बायका हात-पाय धरतात, कारण मुलगी सुटायला बघते. याचा शरीराला काडीचाही फायदा नाही. रक्तस्राव होतो, जखम चिघळते, कधी पोरी दगावतात. जगल्या तर पुढे लघवीला, पाळीला, बाळंतपणाला त्रास काढतात, आणि नवऱ्याला कधी सांगत नाहीत.

मी कुणाकडून ऐकून सांगत नाहीये. तू दहा वर्षांचा होतास. तुला सांगितलं होतं की धाकटी मावशीच्या जिन्यावरून पडली. मी आठवडाभर पाय बांधून पडून होते आणि तू रोज माझ्या उशाशी बसून मला चिडवायचास, ‘जिना चढता येत नाही, लंगडी!’ मी एकदाही उलट बोलले नाही, आठवतंय? एरवी मी तुला बोलू दिलं असतं का? आईने शपथ घातली होती. मी आज एवढी शिकले, लोकांना प्रश्न विचारत फिरते, पण आईला तो एक प्रश्न विचारायची माझी अजून छाती नाही.

आई वाईट नाही, दादा. तिच्या आईने तिचं केलं, तिने माझं केलं. तिला वाटतं ती नातीचं भलंच करतेय. म्हणूनच ती थांबणार नाही, आणि वहिनीचं ती ऐकणार नाही. आपल्याकडे अजून कायदा नाही, पोलीस म्हणतात घरचं प्रकरण आहे. आता तिला नाही म्हणू शकेल असा एकच माणूस आहे, मुलीचा बाप. तू आजपर्यंत आईला कशालाच नाही म्हटलेलं नाहीस, हे माहीत असून लिहितेय.

मावशीच्या घरापासून दोन चौक पुढे दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या बाईंच्या ओळखीच्या आहेत, त्यांना सगळं कळवलंय. मी गाडीतून उतरले की आधी तिथेच येईन. ठकीला कुठेही पाठवू नकोस. आणि ती गेली असली तर जा. हातातलं काम टाकून जा.

धाकटी


१९ एप्रिल, शनिवार, दवाखान्यातून

धाकटे,

मला पत्र लिहिता येत नाही. संस्थेत फोन केला, त्यांनी सांगितलं तू वाटेत आहेस, म्हणून ही चिठ्ठी इथल्या नर्सताईंजवळ ठेवतोय. आधी एक सांगतो. ठकी इथे आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. आतल्या खाटेवर झोपलीय.

तुझं पाकीट कालच हातात आलं होतं. मला वाटलं फोन ठेवला म्हणून झाडलं असशील, तसंच खिशात कोंबलं. आज सकाळी आई आणि ठकीला मीच स्टँडवर सोडलं. निघताना घरात तमाशा झाला. ठकीचे बूट सापडेनात. तुझ्या वहिनीने ते पाण्याच्या टाकीमागे लपवले होते. मी तिच्यावर ओरडलो, ‘लहान पोर आहेस का?’ मीच ठकीला घरातल्या चपलांवर बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून टाटा केला.

मग कामावर गेलो. एक लिफ्ट अडकली होती, तिच्या टपावर चढून तारांना ग्रीस लावत होतो. हात पुसायला खिशातून फडकं काढलं तर पाकीट बाहेर आलं. तिथेच बसून वाचलं. ‘जिन्यावरून पडली’पर्यंत आलो आणि मला पुढची अक्षरं दिसेनात. डोळे पुसून उरलेलं वाचलं. लिफ्ट तशीच टाकली. माणसं खाली बोंबलत होती.

दुकानात गेलो. वहिनीने माझं तोंड बघितलं, हातातलं भिंग खाली ठेवलं आणि काही न विचारता बाहेर आली. भिंगकाकांची मोटार घेऊन निघालो. दीड तासाची वाट. एकदाच मी विचारलं, ‘तुझंही?’ ती म्हणाली, ‘गाडी नीट चालवा.’

मावशीच्या ओट्यावर चार पोरी नवे फ्रॉक घालून ओळीने बसल्या होत्या. चौघींच्या हातात खाऊ. ठकी ‘बाबा!’ म्हणून ओरडली. मी तिला उचललं तेवढ्यात आई बाहेर आली. म्हणाली, ‘तू इथे कशाला? ही पुरुषांची जागा नाही.’ मी म्हटलं, ‘मुलगी माझी आहे.’ आई म्हणाली, ‘माझीही नात आहे, तिचं वाटोळं करू नकोस.’ आईसमोर मी आजही दहा वर्षांचाच आहे. एवढंच म्हणालो, ‘धाकटी जिन्यावरून पडली नव्हती, आई.’ तिचं तोंड पांढरं पडलं. ती आत निघून गेली.

मी ठकीला घेऊन मोटारीकडे वळलो. वहिनी येईना. बघतो तर ती ओट्यालगतच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही हात चौकटीला. त्या बाकीच्या तिघी तशाच ओट्यावर बसल्या होत्या. मावशी ओरडतेय, ‘आपली घेतलीस ना, आता ऊठ!’ आणि तुझी वहिनी, जिच्या तोंडातून आईसमोर कधी शब्द फुटला नाही, ती म्हणाली, ‘मी उठले की तुम्ही यांना आत न्याल. मी उठत नाही.’ मला म्हणाली, ‘तुम्ही ठकीला पोचवा. मी इथेच आहे.’ मावशीने तिचा दंड धरून ओढलं. ती चौकटीला तशीच चिकटून राहिली.

डॉक्टरीणबाई गावात एका बाळंतपणात अडकल्यात, मोकळ्या होताच तिकडे जातील. नर्सताई ठकीपाशी बसल्यात. मी आता परत निघालोय. ही चिठ्ठी वाचलीस की इथे थांबू नकोस, सरळ तिकडे ये.

मोटार सुरू करताना मी मागे बघितलं. त्या तिघींपैकी एकीची आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून. ती हळूच पुढे आली, कोणाकडे न बघता, आणि वहिनीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. आता त्या दोघी आहेत. तू लवकर ये.

दादा